नावेची सहल, वाळूचे बेट आणि आपला कापडाचा धंदा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी म्हणाल तर ते लोणार सरोवराचे, आणि त्यात सहलीची नाव चालत नाही. तरीही दिवाळी झाली की, आणि पुढे मुलांच्या परीक्षा आटोपल्या की, जिल्ह्यातील कापड दुकानांत अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. "भाईजान, पाण्यात चालेल असं काही आहे का?" विचारणाऱ्या बहुधा आपल्याच समाजातील भगिनी असतात. कुटुंब मालवणला निघालेले असते, मुलांची खरेदी झालेली असते, मियांसाठी बर्म्युडा घेतलेला असतो आणि शेवटी स्वतःसाठी हा प्रश्न. दुकानदार काय दाखवणार? निदा कापडाचा काळा बुरखा, नाही तर सुती पंजाबी ड्रेस. दोन्ही माल चांगला, पण दोन्ही पाण्यासाठी केलेले नाहीत.

गेल्या जानेवारीत कापड बाजारातील सहा कुटुंबे मिळून आम्ही मालवण-देवबागची सहल केली. तिथे या प्रश्नाचा धंद्याशी तर संबंध दिसलाच, पण जिवाशीही दिसला. म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी हे चार शब्द.

जाण्याचा मार्ग सोपा आहे. मलकापूर किंवा शेगावला मुंबईची गाडी धरावी, ठाण्याला उतरावे आणि तिथून कोकण रेल्वेने कुडाळ गाठावे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या. त्यापूर्वी वऱ्हाडच्या माणसाला मालवण म्हणजे एस.टी. बदलत बदलत करायचा प्रवास होता. कुडाळहून मालवण तासाभराच्या अंतरावर. ऑक्टोबर २०२१ पासून चिपीला विमानतळही झाला आहे, पण सहा कुटुंबांच्या खर्चाचा विचार करणाऱ्याने रेल्वेचेच नाव घ्यावे.

सकाळी पहिली नाव मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याला जाते. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात हा किल्ला बांधून घेतला. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे सरदार होते, हे आपल्या मुलांना तटावर उभे करून सांगण्यासारखे आहे. आम्ही ते सांगितले. मुलांचे लक्ष मात्र खालच्या पाण्याकडे होते.

दिवसाचा मोठा भाग देवबागला जातो. देवबाग म्हणजे जमिनीची लांब निमुळती जीभ. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. जिथे जीभ संपते तिथे नदी समुद्राला मिळते. संगमाच्या आतल्या अंगाला खाडीत वाळूचा एक पट्टा आहे, त्याला सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हा पट्टा वर आला असे नाववाले सांगतात. खाडीच्या तोंडाशी नदीचा गाळ आणि समुद्राची वाळू समोरासमोर येऊन असे पट्टे बनतात आणि पावसाळ्यात आपली जागा बदलतात, हेही तितकेच खरे. ओहोटीला वाळू उघडी पडते, भरतीत बहुतेक पाण्याखाली जाते. आम्ही गेलो तेव्हा पाण्यात रोवलेल्या बांबूंच्या मांडवाखाली चहा विकला जात होता आणि गिऱ्हाईक घोटाभर पाण्यात उभे राहून तो पीत होते. दुकानाची फरशी दिवसातून दोनदा धुऊन निघते, असा बाजार आम्ही प्रथमच पाहिला.

नाववाले बहुतेक गाबीत समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. मोठ्या पर्ससीन जाळ्यांच्या बोटींनी किनाऱ्याजवळची मासळी ओढून नेली, छोट्या होडीवाल्याच्या हाती कमी उरले, आणि त्याच होडीला बाकडी व छत लावून त्यांनी प्रवासी न्यायला सुरुवात केली. ज्यांचे यंत्रमाग बंद पडले आणि ज्यांनी त्याच शेडमध्ये रेडिमेडची शिलाई सुरू केली, त्या आपल्या बांधवांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या धंद्याचा हंगाम छोटा. २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी नावा व जलक्रीडा बंद असतात. उरलेल्या दिवसांतही नाव केव्हा न्यायची हे मालक ठरवत नाही, चंद्र ठरवतो.

ही गोष्ट आम्हाला तिथल्या एका वयस्कर तांडेलाने समजावली आणि ती आपल्या वाचकांच्या फार उपयोगाची आहे. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून धरायची. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आता आपली चांदची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे चालते, कारण आपण चंद्रकोर डोळ्यांनी पाहिल्यावर महिना धरतो. म्हणजे हिजरी तारखेत एक मिळवा, पाऊणपट करा, सहा तास पुढे या. वाळू केव्हा उघडी असेल ते खामगावच्या दुकानात बसून कळते. तास-पाऊण तास मागेपुढे होईल, पण वाया जाणारा दिवस वाचतो. चांदच्या दहा-अकरा तारखेला दुपारी अडीच-तीनच्या सुमारास चांगली वाळू मिळते. चौदहवीच्या चांदला मात्र भर दुपारी भरती असते. त्या दिवशी उधाणही मोठे आणि वाळू पाण्याखाली. चांदण्याच्या हौसेने बरोबर त्याच तारखेला पोहोचणारी मंडळी पुष्कळ असतात.

आम्ही दहा तारीख साधली होती. बाहेर समुद्रात डॉल्फिन पाहून नाव वळली आणि दोनच्या सुमारास वाळूवर आलो. जोहरची वेळ होती. प्रवासात असल्याने कसर, म्हणजे दोनच रकात. कोकणच्या किनाऱ्यावर किब्ला पश्चिमेला, थोडासा उत्तरेकडे झुकलेला. म्हणजे समोर देवबागची माडांची रांग आणि तिच्यापलीकडे उघडा समुद्र. आमच्यातील एका बुजुर्गांनी इमामत केली. सलाम फेरून पाहतो तर ज्या काठावर चपला काढल्या होत्या तो काठ चार पावले आणखी मागे गेलेला, पाणी अजून उतरतच होते. नाववाल्याने आमची नमाज होईपर्यंत इंजिन बंद ठेवले. न सांगता ठेवले, म्हणून इथे नोंद करतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या जमातीत पुरुष आणि मुलेच होती. आमच्या घरच्या अकरा बायकांपैकी वाळूवर उतरल्या तिघी. बाकीच्या देवबागच्या काठावरच माडाखाली बसून राहिल्या होत्या. बसण्याचे कारण भीती नव्हते, कपडा होता. नावेत चढण्याआधी प्रत्येकाला लाइफ जॅकेट देतात. आमच्या भावजयीने व इतर काहींनी जॅकेट बुरख्याच्या आत घातले, कारण वरून पट्टे आवळले की अंगाचा आकार दिसतो. नाववाल्या मुलाने अदबीने सांगितले, "काकी, जॅकेट सगळ्यात वर पाहिजे. वरचा कपडा सैल राहिला तर पाण्यात तोच पायात येतो." त्याचे म्हणणे बरोबर होते. जॅकेट सर्व कपड्यांच्या वर हवे आणि पट्टे घट्ट हवेत, तरच ते अंगासह वर उचलते. शिवाय पाण्यात पडलेल्या माणसाला ओढून घेणारा जॅकेटलाच हात घालतो. ते कपड्याखाली असेल तर हात कशाला घालणार? पण आमच्या बायकांचे म्हणणेही बरोबर होते. परक्या गर्दीत पट्टे आवळून उभे राहणे त्यांना जमेना. दोन्ही बाजू खऱ्या, आणि मधल्या मध्ये आठ बायका शेगावपासून इतके दूर येऊन माडाखाली डबे सांभाळत बसल्या.

जॅकेटची गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगच्या वीस पर्यटकांची नाव उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पावसाळी बंदी लागायला दोनच दिवस बाकी होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नावेवर नौदलाची वेगवान बोट आदळली. डझनाहून जास्त माणसे गेली. पुष्कळांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्यानंतर गेटवेच्या नावांत जॅकेट सक्तीचे झाले. जुन्या मंडळींना १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोटही आठवत असेल. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. समुद्र तोच आहे. फरक एवढाच की आज अंगावर घालायला साधन आहे, आणि ते ज्या कपड्यावर नीट बसेल तो कपडा आपल्या बायकांकडे नाही.

कपडा हा तर आपला विषय. सूत आणि पाणी यांचे नाते दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरी आकडे सांगतो. नेहमीच्या दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरते, नायलॉन चार टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. हे झाले हवेतल्या ओलाव्याचे. प्रत्यक्ष पाण्यात सुती सलवार-कमीज आणि ओढणी भिजली की तिचे वजन कितीतरी पट होते, ती अंगाला चिकटते आणि सावलीत तासन्‌तास वाळत नाही. म्हणजे जो पडदा राखण्यासाठी ती घातली तोही राहत नाही. निदा पॉलिएस्टरचाच असतो, वाळतो लवकर, पण त्याचा घेर पाण्यात फुगतो आणि वर तरंगतो.

यावर जगात उपाय निघून दोन दशके झाली. ऑस्ट्रेलियात सिडनीला राहणाऱ्या, मूळच्या लेबनॉनच्या अहिदा झनेती या बाईंनी २००४ मध्ये 'बुर्किनी' नावाचा पोशाख तयार केला. भाची हिजाब सांभाळत मैदानात खेळताना अवघडलेली पाहून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर काम करणाऱ्या मुस्लिम स्त्री जीवरक्षकासाठी लाल-पिवळ्या रंगाचा असाच पोशाख बनला. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील अनेक गावांनी त्यावर बंदी घातली. २६ ऑगस्ट २०१६ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाची बंदी स्थगित केली. त्या वादात विक्री उलट वाढल्याचे बाईंनीच सांगितले होते. आपल्याकडे मुंबईत आणि मागणीनुसार घरपोच असा माल मिळतो, नाही असे नाही. पण आम्ही पाहिलेला बराच माल अंगाला घट्ट, टोपी सैल आणि किंमत अशी की मेहकरची गृहिणी दोन दिवसांच्या सहलीसाठी घेणार नाही.

हा माल आपल्या जिल्ह्यात शिवता येईल का? आमचे मत आहे, येईल. कापड सुरतेहून मिळते: पॉलिएस्टर किंवा नायलॉनमध्ये लायक्रा मिसळलेले, दोन्ही बाजूंनी ताणणारे. स्पँडेक्सचा हा ताणणारा धागा १९५८ मध्ये अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीत शोधला गेला, आणि लायक्रा हे तिनेच दिलेले व्यापारी नाव. तलावाच्या क्लोरीनने हा धागा लवकर मरतो, म्हणून टिकायला पॉलिएस्टरचे प्रमाण जास्त असलेले कापड घ्यावे. अठ्ठावन्न इंची पन्ह्यात मध्यम मापाच्या एका नगाला आमच्या अंदाजाने अडीच मीटर पुरते. कापड पातळ घेऊ नये; ते ओले करून हातावर ताणून उजेडात धरावे, त्वचा दिसली तर परत करावे.

अडचण कापडाची नाही, शिलाईची आहे. आपले बहुतेक कारागीर सरळ टाक्याच्या मशीनवर बसतात. ताणणाऱ्या कापडावर सरळ टाका घातला की पहिल्याच ताणात दोरा तुटतो. त्याला ओव्हरलॉक पाहिजे, निदान झिगझॅग पाहिजे, गोल टोकाची सुई पाहिजे, दोरा सुती नव्हे तर पॉलिएस्टरचा. टोकदार सुईने जाळीदार भोके पडतात आणि धुतल्यावर शिवण उसवत जाते. चेन प्लॅस्टिकची लावावी; धातूची चेन खाऱ्या पाण्यात गंजते आणि एका हंगामात अडकते. होजिअरीचे काम केलेल्या कारागिराला हे सर्व येते, आणि असे कारागीर आपल्या समाजात आहेत.

नमुना करताना जॅकेट समोर ठेवून करावा. कुर्ता गुडघ्यापर्यंत, घेर बेताचा, बाजूच्या फाटी बंद, आणि आतून दोन नाड्या ज्या पायजम्याला बांधल्या की कुर्ता पाण्यात वर तरंगत नाही. छातीवर दुहेरी कापड घ्यावे, म्हणजे जॅकेटचे पट्टे आवळले तरी बायकांना संकोच वाटणार नाही. टोपी कुर्त्याला जोडलेली, ओढणी मुळीच नको. आणि रंग! आपण काळा आणि नेव्ही ब्लू सोडून काही मागवत नाही. पाण्यात पडलेले माणूस काळ्या-निळ्या कपड्यात लांबून दिसत नाही. नारिंगी, पिवळा, भडक गुलाबी दिसतो. अंगावर काळा चालेल, पण टोपी तरी भडक असावी. पुरुषांच्या मालातही जागा आहे. नाभीपासून गुडघ्यापर्यंत सतर हे पुरुषालाही आहे, आणि बाजारातील बहुतेक चड्ड्या गुडघ्याच्या वरच संपतात. त्या दिवशी नावेतली अर्धी तरुण मंडळी ओल्या जीन्समध्ये कुडकुडत बसली होती.

काही बुजुर्ग म्हणतील की बायकांना पाण्यात नेण्याची गरजच काय. त्यांचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो की कुटुंबे जातच आहेत, आणि कुरआन शरीफमध्ये समुद्रात चालणाऱ्या नावांचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्या म्हणून अनेक ठिकाणी आलेला आहे. ती निशाणी पाहण्याचा हक्क पुरुषांपुरता आहे असे आमच्या वाचनात नाही.

मागणी मालवणपुरतीही नाही. लक्षद्वीपला जाणारी कुटुंबे आता भेटू लागली आहेत. ३६ बेटे, २०११ च्या जनगणनेत चौसष्ट हजारांवर वस्ती आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त मुसलमान; हलाल जेवणाची चिंता नाही. परवाना आधी काढावा लागतो. कोचीहून अगत्तीला विमान जाते, आणि अगत्तीहून बंगारम, तिन्नकरा या बेटांना दिवसभराची नाव. तिथल्या उथळ पाण्यात वाळू चमकते, पण ती कायमची नाही. त्याच बंगारम प्रवाळकड्यातले पराली-१ नावाचे निर्जन बेट झिजत झिजत पूर्ण नाहीसे झाल्याचे २०१७ साली एका संशोधकाने दाखवून दिले. अशा ठिकाणी सहल दिवसभर पाण्यातच असते. काठावर डबे सांभाळत बसायला माडाची सावलीही मिळेल की नाही, सांगता येत नाही.

धंद्याचे वेळापत्रक नावेच्या वेळापत्रकावरून ठरते. नावा १ सप्टेंबरला सुटतात, गर्दी दिवाळीच्या सुट्टीत, नंतर डिसेंबरअखेर आणि पुढे एप्रिल-मेमध्ये. म्हणजे कापड जुलैत उतरले पाहिजे आणि शिलाई पावसाळ्यात, जेव्हा कारागिरांचे हात तसेही मोकळे असतात. सुरुवात पन्नास नगांची करावी, चार मापांत, रोखीने. उधारीवर नवा माल चालवू नये. लहान मुलींची मापे विसरू नयेत, आया आधी त्यांच्यासाठीच घेतात.

पहिला नमुना आम्ही मेहकरच्या एका कारागिराकडून शिवून घेतला आहे. त्याच्या पत्नीने तो घालून, वर मागवलेले जॅकेट चढवून, शेतातल्या हौदात उतरून पाहिले. कुर्ता तरंगला नाही, पट्टे बसले. टोपीच्या गळ्याखालची दोरी मात्र तिने काढून टाकायला लावली. ओढली गेली तर गळ्याला लागेल, तिथे प्रेसचे बटण लावा, म्हणजे झटक्याने सुटेल, असे तिचे म्हणणे. दुसऱ्या नमुन्याला बटण लावले आहे.